गुणगौरवाची यादी आणि डिरॅक रोड : ब्रिटनमधल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
ब्रिटनमधल्या मराठी मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य,
आणि ज्यांची मुलं यंदा इयर फाइव्ह-सिक्समध्ये आहेत असे सगळे आईवडील,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या कार्यक्रमाची तयारी तुमच्याकडे सुरू झाली असेल. हॉल ठरला असेल, फराळ कुणाकडून घ्यायचा याची फोनाफोनी चालली असेल. कार्यक्रमपत्रिकेत नाच आणि जेवण यांच्या मधे नेहमीप्रमाणे 'गुणगौरव' असं लिहिलं गेलं असेल. माझी विनंती तेवढ्या एका ओळीपुरती आहे. इलेव्हन प्लस, म्हणजे ग्रामर शाळांची प्रवेशपरीक्षा, पास झालेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांना स्टेजवर बोलावून सत्कार करण्याची पद्धत या वर्षापासून बंद करा.

मंडळांवर राग नाही. परक्या देशात आमच्या मुलांना आरती पाठ झाली, भोंडल्याची गाणी कळली, ती तुमच्यामुळे. म्हणूनच तुम्हाला सांगावंसं वाटतं.

चार वर्षांपूर्वी आम्ही लंडनच्या पश्चिमेकडच्या एका गावात राहत होतो. माझी मुलगी दीड वर्ष ट्यूशनला गेली. शनिवारी मॉक टेस्ट, रविवारी व्हर्बल रीझनिंग, आणि रोज झोपायच्या आधी वीस शब्द. सप्टेंबरात परीक्षा झाली, ऑक्टोबरात निकाल आला. ती थोडक्यात राहिली. पुढच्याच आठवड्यात मंडळाची दिवाळी. तिने हिरवं परकर-पोलकं घातलं होतं, आजीने पुण्याहून पाठवलेलं. फराळाची प्लेट मांडीवर घेऊन ती आमच्या दोघांच्या मधे बसली होती आणि स्टेजवरून एकेक नाव पुकारलं जात होतं. त्यातली चार मुलं तिच्याच ट्यूशनमधली. प्रत्येक नावाला टाळ्या. तिने एकदाही मान वर केली नाही. चकलीचा एकेक वेढा मोडून ती प्लेटच्या कडेला ठेवत होती. सगळी चकली मोडून झाली तरी नावं संपली नव्हती. घरी येताना गाडीत तिने एवढंच विचारलं, "आई, माझं नाव नाही म्हणून तुला वाईट वाटलं का?"

मंडळाने काही वाईट केलं होतं असं मी म्हणत नाही. त्या टाळ्यांत दरवर्षी मीही होते. आणि त्याच्या आधीची दोन वर्षं मी जे करत होते ते त्याच जातीचं होतं. माझ्याकडे एक वही होती. तिच्यात मी एकेका शाळेच्या नावाखाली तिथल्या नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी लिहायचे. ईटनमधून वीस पंतप्रधान झाले. हॅरोच्या यादीत चर्चिल आहेत आणि आपले नेहरूही आहेत. त्या शाळा आमच्या आवाक्यातल्या नव्हत्या, पण इंग्लंडमध्ये १६३ सरकारी ग्रामर शाळा आहेत आणि त्यातल्या आसपासच्या सगळ्यांच्या याद्या मी काढल्या होत्या. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही त्या फिरायच्या. अमुक शाळेतून एक नोबेल, तमुक शाळेतून दोन मंत्री. आपण मुलांसाठी शाळा शोधतोय असं मला वाटत होतं. खरं तर मुलीचं नाव कुठल्या यादीत जाऊन बसेल ते मी शोधत होते.

मग नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही ब्रिस्टलला आलो. इथे सरकारी ग्रामर शाळाच नाहीत. मुलगी जवळच्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये, म्हणजे प्रवेशपरीक्षा नसलेल्या सरकारी शाळेत, जायला लागली आणि वही कपाटात गेली.

एका शनिवारी आम्ही दोघी उत्तर ब्रिस्टलमध्ये बिशपस्टनच्या बाजूला चालत होतो. एका छोट्या रस्त्यावर पाटी दिसली, 'डिरॅक रोड'. मुलीने विचारलं, "हा कोण?" मी बारावीला फिजिक्स घेतलं होतं, इंजिनिअरिंग केलं होतं. तरी "कुणीतरी मोठा शास्त्रज्ञ" यापलीकडे मला काही सांगता आलं नाही. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी बसून वाचायला सुरुवात केली, आणि हा प्रश्न याच शहरात आणखी एका शाळकरी मुलाला पडला होता हे तेव्हा कळलं.

तो मुलगा पीटर हिग्ज. जन्म १९२९, न्यूकॅसलचा. वडील बीबीसीत ध्वनी अभियंता, त्यामुळे बिऱ्हाड सारखं हलायचं. लहानपणी दम्याचा त्रास, म्हणून सुरुवातीचं बरंचसं शिक्षण घरीच. युद्धात वडिलांची बदली बेडफर्डला झाली, आई आणि मुलगा ब्रिस्टलमध्ये राहिले. १९४१ साली, म्हणजे जर्मन बॉम्बनी शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त केल्यावर काही महिन्यांतच, बारा वर्षांचा पीटर कॉथम ग्रामर शाळेत दाखल झाला. या शाळेच्या सभागृहात मानकऱ्यांचे लाकडी फलक होते. आपल्याकडेही जुन्या शाळांत असतात तसे, वर्ष आणि नाव. त्या फलकांवर एक नाव पुन्हा पुन्हा येत होतं, पी. ए. एम. डिरॅक, म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक. हा कोण, असं पीटरला वाटलं आणि त्याने शोध घेतला. डिरॅकने काय काम केलं ते वाचता वाचता तो भौतिकशास्त्राकडे वळला. हिरोशिमा-नागासाकीनंतर ब्रिस्टल विद्यापीठात सेसिल पॉवेल आणि नेव्हिल मॉट यांनी अणूविषयी जाहीर व्याख्यानं दिली, ती ऐकायलाही तो गेला. त्या दोन्ही वक्त्यांना पुढे नोबेल मिळालं, पण तेव्हा ते शाळकरी पोरांसमोर आपला विषय समजावून सांगत होते. मला हे फार मोलाचं वाटतं.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. १९६४ साली हिग्ज यांनी एक छोटा लेख लिहिला. ज्या नियतकालिकाकडे पाठवला त्यांनी तो नाकारला. हिग्ज यांनी त्यात एका नव्या कणाच्या भाकिताची थोडी भर घातली आणि दुसरीकडे छापून आणला. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत तो कण सापडल्याचं जाहीर झालं. आपल्या वर्तमानपत्रांनी त्याला 'देवकण' म्हटलं. हिग्ज यांना ते नाव अजिबात आवडत नसे. २०१३ साली नोबेल जाहीर झालं तेव्हा त्यांच्याकडे मोबाइल नव्हता आणि ते मुद्दाम घराबाहेर पडले होते. एडिंबरामध्ये रस्त्यात एका जुन्या शेजारणीने गाडी थांबवून त्यांचं अभिनंदन केलं, तेव्हा त्यांना कळलं.

या सगळ्यात मला सर्वात आवडलेली गोष्ट शब्दाची आहे. 'हिग्ज बोसॉन' यातला पहिला शब्द कॉथमच्या एका मुलाचं आडनाव. दुसरा शब्द आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून आलेला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण 'बोसॉन', म्हणजे कणांच्या एका प्रकाराचं नाव, हा शब्द घडवला कुणी? डिरॅकनेच, १९४५ साली. म्हणजे ज्या मुलाचं नाव फलकावर होतं त्याने कलकत्त्याच्या माणसाचं नाव विज्ञानात कोरलं आणि ज्याने फलकावर ते नाव वाचलं त्याचं आडनाव पुढे येऊन त्याला चिकटलं. मी हे मुलीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ कागदावर ते दोन शब्द लिहीत बसली होती.

तुम्ही म्हणाल, मग यादी चांगलीच की. फलक नसता तर हिग्ज घडले नसते. तोच फलक आपण स्टेजवर लावतोय.

इथे जरा थांबून बघू या. त्या फलकाने हिग्जला "तू डिरॅक हो" असं सांगितलं नव्हतं. त्याच्या आईने सकाळ-संध्याकाळ त्या नावाचा धोशा लावला नव्हता. एका मुलाला कुतूहल वाटलं आणि त्याच्याजवळ शोधायला वेळ होता, पुस्तकं होती, एवढंच. नाव प्रश्नासारखं समोर होतं. आपण तेच नाव मापट्यासारखं वापरतो आणि मुलाला त्यात घालून बघतो, भरलं की नाही.

शिवाय डिरॅक शिकला ती शाळा कशी होती ते पाहा. आपण ज्या प्रकारच्या शाळेसाठी धडपडतो त्यात ती बसत नाही. पॉल डिरॅक १९१४ साली मर्चंट व्हेंचरर्स टेक्निकल कॉलेजच्या माध्यमिक शाळेत गेला. ब्रिस्टलच्या मध्यभागी, युनिटी स्ट्रीटवर. तीच शाळा पुढे कॉथमला हलली. मर्चंट व्हेंचरर्स ही ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांची जुनी संस्था, आणि तिच्या संपत्तीचा मोठा भाग गुलामांच्या व्यापाराशी जोडलेला. गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याच संस्थेचा सभासद. ७ जून २०२० रोजी त्याचा पुतळा लोकांनी पाडून बंदरात ढकलला आणि नंतर त्याच्या नावाच्या शाळांनीही नावं बदलली. म्हणजे भिंतीवर कुणाचं नाव असावं हे माणसंच ठरवतात आणि पुन्हा विचार करून बदलतातही.

तर त्या शाळेत लॅटिन नव्हतं, ग्रीक नव्हतं. त्या काळी मोठ्या घरची मुलं ज्यावर वाढत ते काही नव्हतं. विटांचं बांधकाम, चांभारकाम, धातुकाम, तांत्रिक चित्रकला, विज्ञान आणि आधुनिक भाषा होत्या. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर आयटीआयच्या वळणाची शाळा. डिरॅकला पुढे आयुष्यभर त्या शाळेबद्दल समाधान होतं. आणखी एक गोष्ट त्याने स्वतः सांगितली आहे. पहिलं महायुद्ध चालू होतं, मोठी मुलं युद्धाच्या कामावर गेली होती, वरचे वर्ग रिकामे पडले होते. त्या जागा भरायला लहान मुलांना पुढे ढकललं गेलं आणि त्याला लवकर वरच्या वर्गात बसायला, प्रयोगशाळा वापरायला मिळालं. गणिताच्या शिक्षकांनी तर त्याला वर्गाबरोबर ठेवण्याचा हट्टच सोडला आणि वाचायला पुस्तकं सुचवली. आता हे कुठल्या शाळेच्या माहितीपत्रकात छापता येईल? रिकामी बाकं आणि एक समजूतदार मास्तर.

त्यानंतरही सरळ रस्ता नव्हता. १९२१ साली ब्रिस्टल विद्यापीठातून इंजिनिअरिंगची पहिल्या वर्गातली पदवी घेऊन तो बाहेर पडला आणि मंदीमुळे नोकरी मिळाली नाही. केंब्रिजची सत्तर पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली होती, पण तेवढ्यात भागणार नव्हतं. मग ब्रिस्टललाच दोन वर्षं फी न घेता गणित शिकू दिलं. १९२३ साली तो केंब्रिजला पोहोचला. १९२८ साली इलेक्ट्रॉनचं वर्णन करणारं त्याचं समीकरण आलं, १९३३ साली एकतिसाव्या वर्षी नोबेल. १९५४-५५च्या हिवाळ्यात तो मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येऊन व्याख्यानंही देऊन गेला. आज वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याच्या नावाच्या दगडावर ते समीकरण कोरलेलं आहे. लंडनमधल्या मंडळांच्या मुलांना ते ट्यूबने जाऊन बघता येईल.

पण मी हे पत्र लिहायला बसले ते डिरॅकसाठी नव्हे. त्याच्या भावासाठी.

डिरॅकच्या घरात तीन मुलं होती. थोरला फेलिक्स, मग पॉल, मग बहीण बेटी. वडील चार्ल्स स्वित्झर्लंडहून इंग्लंडला आलेले, ब्रिस्टलमध्ये त्याच शाळेत फ्रेंचचे शिक्षक. आई फ्लॉरेन्स लग्नाआधी ग्रंथालयात काम करायची. १९१९ साली वडिलांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, तोवर ही मुलं जन्माने इथली असूनही कागदोपत्री स्विसच होती. हे वाचताना मला आपल्या सगळ्यांच्या घरातल्या कपाटातल्या फायली आठवल्या. परदेशातून आलेला, कष्टाळू, शिस्तीचा बाप. मुलांनी या देशात पुढे जावं म्हणून धडपडणारा. तो आपल्याला अनोळखी नाही.

पॉलने पुढे सांगितलं की जेवणाच्या खोलीत तो आणि वडील दोघंच बसत, आणि तिथे फक्त फ्रेंच बोलायचं असा वडिलांचा नियम होता. आई आणि बाकीची दोघं स्वयंपाकघरात जेवत. फ्रेंचमध्ये धड बोलता येत नाही म्हणून पॉल गप्प राहायला शिकला. जगभर प्रसिद्ध झालेला त्याचा अबोलपणा तिथून आला असं त्याचं म्हणणं. माझ्या घरात मीही "मराठीत बोल" म्हणते आणि म्हणत राहणार. पण हे वाचल्यापासून मुलीचं वाक्य चुकलं तर मी मधे तोडत नाही. चुकीच्या मराठीत का होईना, पूर्ण होऊ देते.

फेलिक्सला डॉक्टर व्हायचं होतं. वडिलांनी नाही म्हटलं. इंजिनिअर हो. तो पॉलच्याच शाळेत शिकला, त्याच विद्यापीठात त्याच विषयाला गेला. त्याला तिसरा वर्ग मिळाला. मागून आलेल्या धाकट्या भावाने तेच शिक्षण पटापट संपवलं आणि पहिला वर्ग काढला. दोघा भावांत बोलणं उरलं नाही. १९२०च्या उन्हाळ्यात दोघंही रग्बी गावात कामाला होते. रस्त्यात समोरासमोर आले तरी एकमेकांशी एक शब्द बोलत नसत, असं पॉलने नंतर सांगितलं. मार्च १९२५मध्ये फेलिक्सने स्वतःचं आयुष्य संपवलं. तो चोवीस वर्षांचा होता. आईवडील कोलमडून गेले. ते पाहून पॉलला आश्चर्य वाटलं. आईबापांना मुलांबद्दल इतकं वाटत असतं हे आपल्याला तोवर ठाऊकच नव्हतं, असं तो म्हणाला. १९३३ साली नोबेल घ्यायला स्टॉकहोमला जाताना त्याने आईला बरोबर नेलं. वडिलांना बोलावलं नाही.

हे वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते. एका माणसाच्या मरणाला एकच कारण कधी नसतं, आणि चार्ल्स डिरॅकला शंभर वर्षांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचा मला अधिकार नाही. पण शाळेच्या फलकावर पी. ए. एम. डिरॅक आहे आणि त्याच शाळेत, त्याच घरातून, त्याच रस्त्याने चालत गेलेला फेलिक्स डिरॅक कुठल्याच यादीत नाही. आपण याद्या वाचतो तेव्हा त्या फक्त पॉलच्याच वाचतो. फेलिक्स आपल्या हॉलमध्ये खुर्च्यांवर बसलेला असतो.

मुलीने गाडीत विचारलेला प्रश्न मला त्या रात्री पुन्हा ऐकू आला. मी तिला त्या वेळी "नाही गं, असं काही नाही" म्हटलं होतं. ते खोटं होतं. मला वाईट वाटलं होतं आणि ते तिला दिसलं होतं.

आणखी दोन नावं सांगते, कारण मंडळात क्रिकेटवेडे पुष्कळ आहेत. कॉथम ग्रामरच्या माजी विद्यार्थ्यांत आर्थर मिल्टन आहेत. हिग्जपेक्षा वर्षाने मोठे. आर्सेनलकडून फुटबॉल, ग्लॉस्टरशायरकडून क्रिकेट, आणि इंग्लंडकडून दोन्ही. इंग्लंडसाठी फुटबॉल आणि कसोटी क्रिकेट दोन्ही खेळलेली माणसं जेमतेम बारा, त्यातले हे शेवटचे. १९५८ साली पहिल्याच कसोटीत न्यूझीलंडविरुद्ध शतक ठोकलं. पुढच्या वर्षी दत्ताजीराव गायकवाडांचा भारतीय संघ इंग्लंडला आला होता, रमाकांत देसाई नव्या चेंडूने टाकत होते, त्या मालिकेतही मिल्टन खेळले. खेळ संपल्यावर त्यांनी काय केलं? ब्रिस्टलमध्ये पोस्टमन झाले. सायकलवरून पत्रं टाकायचे. साठाव्या वर्षी टपालखात्यातून निवृत्त व्हावं लागलं, तर वर्तमानपत्रं टाकायला लागले, कारण पहाटेची ती फेरी त्यांना आवडायची. आपल्या गुणगौरवात पोस्टमनला जागा आहे का, हे मी खरंच विचारते आहे. उत्तर मला माहीत नाही असं नाही.

दुसरा आर्ची लीच. हा डिरॅकच्याच प्राथमिक शाळेतला, बिशप रोडचा, वयाने दीड वर्षाने लहान. पुढे फेअरफील्ड ग्रामरला गेला आणि १९१८ साली शाळेने त्याला काढून टाकलं. तो नाटककंपनीबरोबर गेला, अमेरिकेला पोहोचला आणि हॉलिवूडचा प्रसिद्ध नट केरी ग्रँट झाला. आज फेअरफील्डच्या माजी विद्यार्थ्यांची गोष्ट निघाली की पहिलं नाव त्याचं, शाळेने ज्याला दार दाखवलं त्याचं. शहराच्या मिलेनियम स्क्वेअरमध्ये त्याचा पुतळा आहे.

आता मंडळांनी काय करावं याबद्दल मला जे सुचतं ते लिहिते, पटेल ते घ्या.

इलेव्हन प्लसचा सत्कार थांबवा. दहा वर्षांच्या मुलाने एका सकाळी दिलेल्या परीक्षेवर चारशे माणसांसमोर टाळ्या वाजवणं आणि न वाजवणं, दोन्ही त्याला पेलवणारं नाही. पास झालेल्यांच्या आईवडिलांना हे पत्र कडू लागेल, मला कल्पना आहे. तुमच्या मुलाने मेहनत केली, तिचं कौतुक जरूर करा, घरी पुरणपोळी करा, आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल लावा. हॉलमध्ये नको.

त्या वेळात मुलांनाच स्टेज द्या. यंदा तुम्हाला काय कळलं, काय जमलं, कशाचा नाद लागला ते ज्याला सांगावंसं वाटेल त्याने दोन मिनिटांत सांगावं. कुणी गिटार वाजवेल, कुणी किड्यांबद्दल बोलेल, कुणी येऊन काहीच न बोलता परत जाईल. चालेल. निवड करायची नाही, नंबर काढायचा नाही.

आणि पालकांना एक. माध्यमिक शाळेचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो, १ मार्चला शाळा कळते. ओपन इव्हनिंगला जाल तेव्हा भिंतीवरची नावं बघून फोटो काढण्याआधी तिथल्या एखाद्या सातवी-आठवीतल्या मुलाला विचारा की यातलं कुणी तुला माहीत आहे का, आणि तुला काही विचारायचं असलं तर तू कुणाकडे जातोस. ब्रिस्टलला आल्यावर शाळा बघताना मी हेच करून पाहिलं. ज्या मुलीला विचारलं तिने क्षणभर विचार करून ग्रंथपालबाईंचं नाव सांगितलं आणि आम्हाला त्यांच्यापर्यंत घेऊन गेली. मुलीसाठी ती शाळा निवडायला मला तेवढं पुरलं. त्या शाळेची यादी मी अजून पाहिलेली नाही.

मुलगी आता चौदा वर्षांची आहे. तिला फिजिक्स आवडतं की नाही हे मी या पत्रात लिहिणार नाही, तिने मना केलंय. तिने हे पत्र वाचलं आहे आणि चकलीचा प्रसंग लिहायला हरकत नाही म्हणाली. फक्त परकर-पोलकं हिरवं नव्हतं, मोरपंखी होतं, असं तिचं म्हणणं आहे. मी हिरवंच ठेवलंय, कारण मला ते तसंच आठवतं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या कोरड्या शनिवारी मी ब्रिस्टलमध्ये एक फेरी काढणार आहे. ज्या मंडळांना मुलं घेऊन यायचं असेल त्यांनी या. मंक रोडवर डिरॅकच्या जन्मघरापासून सुरुवात करू, तिथून बिशप रोडची शाळा आणि डिरॅक रोड जवळच आहेत. मग कॉथमकडून चालत खाली युनिटी स्ट्रीट. शेजारीच कॉलेज ग्रीनवर राजा राममोहन रॉय यांचा पुतळा आहे, १८३३ साली ते याच शहरात वारले, तिथे डबे उघडू. उतार बराच आहे, त्यामुळे बूट चांगले घाला. मुलांना आधीपासून काही वाचून आणायला सांगू नका. पाटी दिसली की विचारतील. आपल्यापैकी ज्याला येत असेल तो सांगेल, नसेल तर तिथेच उभं राहून मिळून शोधू.

आपली,
ब्रिस्टलमधली एक आई